‘डल’ म्हणजे काय, बाई?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कुणी मोठी वक्ती आणावी, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी घरच्याच म्हातारीला उभे केले. मी विषय विचारला, तर म्हणाल्या, “तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, तेव्हा इंग्रजीवरच काहीतरी बोला. फक्त डल होऊ देऊ नका म्हणजे झालं.” त्यांना वाटले आपण एक सूचना दिली. प्रत्यक्षात त्यांनी विषयच दिला. कारण ‘डल’ या एवढ्याशा शब्दाचे माझ्याकडे फार जुने येणे आहे, आणि ते आज चारचौघींत फेडून टाकावे असे माझ्या मनात आले. ते कसे, हे ओघात सांगेनच.

आज सभागृहात शिरल्यापासून मी हा शब्द चार वेळा ऐकला. एक भगिनी शेजारणीच्या पैठणीचा पदर हातात घेऊन म्हणाल्या, “रंग जरा डल वाटतोय का हो?” दुसरीने खिडकीबाहेर बघून हवा डल असल्याचे सांगितले. तिसरीच्या घरचा धंदा सध्या डल चालला आहे. चौथी कार्यक्रम संपेपर्यंत थांबणार नाही, कारण नातवाला ताप आहे आणि तो सकाळपासून डल पडून आहे. चारही जणी मराठीच बोलत होत्या आणि चौघींचेही म्हणणे मला नीट कळले.

माझ्या सासूबाई असत्या तर हेच कसे बोलल्या असत्या? पैठणीचा रंग उतरलाय. आभाळात मळभ आलंय. धंद्यात मंदी आहे. आणि नातू? नातू मलूल आहे. मलूल! किती दिवसांत ऐकला नसेल तुम्ही हा शब्द. तापाने उतरलेला चेहरा, निम्मे मिटलेले डोळे, खेळणे हातात असून न खेळणारे मूल, असे सगळे त्या तीन अक्षरांत दिसते.

मी काही भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन आलेली नाही, हे आधीच सांगते. मी टेबलाला टेबल म्हणते, स्टेशनला स्टेशन म्हणते, आणि ज्या भाषेने मला चाळीस वर्षे पोटाला घातले तिचा मी राग कशाला करू? माझे म्हणणे निराळेच आहे. जरा स्वयंपाकघरात चला. सुरी चालेनाशी झाली की आपण तिला बोथट म्हणतो. चुलीचा, स्टोव्हचा, गॅसचा जाळ कमी असला की मंद म्हणतो. चांदीची वाटी काळवंडते. पातेल्याची कल्हई उडते. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो. मडके घेताना बोटाची पेरे वाजवून पाहतो, चांगले असले तर खणखणीत वाजते, कुठे चीर असली तर बद्द वाजते. इंग्रजी बाई यांतल्या बहुतेकांना एकाच शब्दाने हाक मारील. सुरी डल, जाळ डल, चांदी डल, आवाज डल.

आता आपल्या शब्दांची एक गंमत पाहा. प्रत्येकाच्या पोटात पुढे काय करायचे तेही लिहिलेले आहे. बोथट म्हटले की धार लावायची. काळवंडले की घासायचे. कल्हई उडाली की कल्हईवाल्याला हाक. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. दारावर टाकीवाल्या येत असत ते दिवस आठवणाऱ्या पुष्कळ जणी इथे बसल्या असतील. मळभ असले तर काही करायचे नाही, वाट पाहायची. बद्द वाजले की ते मडके परत ठेवायचे आणि दुसरे वाजवून बघायचे. आणि मंद? मंद असले तर बहुतेक वेळा तसेच राहू द्यायचे, कारण दूध आटवायला, भाताला वाफ यायला मंदच जाळ लागतो. मंद वारा, मंद वास, मंद हसू. मराठीत हा शब्द किती सुखाच्या जागी बसला आहे! ज्योतिषात तर शनीलाच मंद म्हणतात, आणि तो मंद असला म्हणून त्याला कुणी हलका समजत नाही.

तात्पर्य इतकेच, की वेगवेगळे शब्द असले म्हणजे आपण आपोआप नीट बघतो. डल म्हटले की बघायचे काम संपते.

पण इंग्रजी शब्दावर अन्याय नको. तोही काही कालचा पोर नाही, त्याचे घराणे मोठे आहे. जुन्या इंग्रजीत ‘डोल’ असा एक शब्द होता, त्याचा अर्थ मूर्ख, वेडगळ. जर्मन भाषेत त्याचीच सख्खी बहीण आहे, ‘टोल’. तिचा मूळ अर्थ वेडा. एकाच घरच्या दोन मुली, एक इंग्लंडात दिली आणि एक जर्मनीत. इंग्लंडातली दिवसेंदिवस सुस्त, रंगहीन होत गेली. जर्मनीतल्या बहिणीचे नशीब असे उघडले, की आज तिकडची तरुण मंडळी एखादी गोष्ट झकास आहे असे सांगायला ‘टोल’ म्हणतात. सासर कसे मिळते यावर किती असते, हे या मंडळात मी सांगायला नको.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की इंग्रजीत हा शब्द आधी माणसाच्या बुद्धीला लागला आणि मग सुरीला. आपल्याकडे वाट उलटी. आपण सुरीचा बोथटपणा बुद्धीला लावला, दर्भाच्या टोकावरून कुशाग्र शब्द केला. म्हणजे आपल्या मनात आधी वस्तू होती, तिची धार जाते आणि परत येते हे डोळ्यांनी पाहिलेले होते. इंग्रजाने आधी माणसाला मूर्ख म्हटले आणि मग सुरीकडे वळला. पुढे तो शब्द रंगाला लागला, पुस्तकाला लागला, अठराव्या शतकात दुखण्यालाही लागला.

शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात एक शिपाई आहे, त्याचे नावच डल. त्याच्याभोवती पंतोजी आणि पाद्री अशी विद्वान मंडळी लॅटिनमिश्रित शब्दांच्या लाह्या उडवीत असतात. अखेर पंतोजी त्याला म्हणतो, की तू इतका वेळ एक शब्दही बोलला नाहीस. तो सरळ सांगतो, की मला एक शब्द समजलाही नाही. प्रेक्षक हसतात. पण मी शिकवू लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या सगळ्या प्रवेशात खरे बोलणारा तोच एक आहे. वर्गात किती मुले हे वाक्य तोंडावर आणू शकत नाहीत म्हणून गप्प बसतात!

अलेक्झांडर पोप या कवीने तर १७२८ साली डलनेसची एक देवीच उभी केली. ‘डन्सियड’ या त्याच्या विडंबनकाव्यात ती सगळ्या ठोकळ्या लेखकांची कुलस्वामिनी होऊन राज्य करते. आणि डॉक्टर जॉन्सन! त्यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात या शब्दाच्या ‘नीरस’ या अर्थाला उदाहरण द्यायचे होते. शेक्सपिअर, मिल्टन कुणाचेही देता आले असते. त्यांनी स्वतःच्याच धंद्याचे दिले, की कोश रचणे हे एक डल काम आहे. वर्षानुवर्षे त्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाचा सुस्कारा कोशात छापला गेला. मला ते फार आवडते. रोजच्या पोळ्या लाटताना माझ्या मनात जॉन्सनसाहेब कितीदा येऊन गेले आहेत.

हा शब्द नकाशावरही आहे, बरे का. स्कॉटलंडमध्ये पर्थशायर भागात डल नावाचे लहानसे गाव आहे. नावाचा आपल्या शब्दाशी काही संबंध नाही, ते तिकडच्या जुन्या बोलीतले. पण अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात बोअरिंग नावाचे गाव आहे, तेही बोअरिंग आडनावाच्या एका वसाहतकऱ्यावरून पडलेले. २०१२ साली या दोन्ही गावांनी जोडगावे म्हणून नाते जोडले, पुढे ऑस्ट्रेलियातले ब्लँड त्यांना येऊन मिळाले, म्हणजे आपल्या भाषेत अळणी. नाव मिळमिळीत असले तरी माणसे चांगली रसिक दिसतात.

असो. हसून झाले. आता हा शब्द ज्या दोन ठिकाणी जपून वापरला पाहिजे तिकडे येते, एक दवाखाना आणि दुसरी शाळा.

दवाखान्यात तो फार शहाण्यासारखा वागतो. डॉक्टर छातीवर एका हाताचे बोट टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक वाजवतात, ते तुम्ही पाहिले असेल. ही युक्ती १७६१ साली व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरांनी पुस्तक लिहून जगापुढे मांडली. त्यांचे वडील ग्राझ गावी खाणावळ चालवीत. पिपात मद्य कुठवर आहे ते बाहेरून ठोकून ओळखायचे, हे मुलाने लहानपणी पाहिले आणि तेच पुढे माणसाच्या छातीला लावले, अशी गोष्ट सांगतात. हवा भरलेले फुप्फुस घुमते. पाणी झाले असेल तर घुमत नाही, बद्द वाजते. डॉक्टर त्याला डलनेस म्हणतात. पण नुसते डल लिहून ते थांबत नाहीत. कुठे डल, कोणत्या बरगडीपासून, कूस बदलल्यावर जागा बदलते का, हे सगळे टिपतात. म्हणजे अगदी आपल्या मडके वाजवून घेणाऱ्या बाईसारखे. तिथे डल हा शब्द तपासाची सुरुवात असते.

शाळेत तो शेवट असतो.

पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धीची पहिली मोजपट्टी तयार केली. हेतू चांगला होता. शाळेत मागे पडणारी मुले वेळेवर ओळखावी आणि त्यांना निराळी मदत द्यावी. बुद्धी ही जन्माला येतानाच कायमची मापून दिलेली असते, असे म्हणणाऱ्यांवर बिने स्वतः रागावत. पण मोजपट्टी अमेरिकेत गेली आणि तिला खाने पडले. १९१६ साली टर्मन यांनी त्यांतल्या एका खान्यावर डलनेस असे लिहिले. पुढे वेक्सलर यांच्या चाचणीत ऐंशी ते एकोणनव्वद गुणांक आला की मूल ‘डल नॉर्मल’. आपल्याकडेही मराठी आणि कानडी मुलांसाठी कामत यांनी बिनेच्या कसोट्यांची आवृत्ती बेतली, १९३४ मध्ये तिची माहिती इंग्लंडच्या शास्त्रीय मासिकात आली. म्हणजे ही मापे आपल्या आजी-आईंच्या काळातच इकडे पोचली. वेक्सलरच्या पुढच्या आवृत्त्यांतून तो शब्द काढून टाकला आणि त्या जागी ‘सरासरीहून कमी’ असे साधे शब्द घातले. शास्त्रज्ञांनी शब्द टाकला, शाळांनी मात्र तो सोडला नाही.

आपल्याकडे त्याच्या आधीही ‘ढ’ होताच म्हणा. त्या बिचाऱ्या अक्षराचा अपराध काय, तर अशोकाच्या शिलालेखातल्या ब्राह्मी लिपीत ते जसे दिसते जवळजवळ तसेच आजही दिसते. सगळी अक्षरे बदलली, हे आपले जिथल्या तिथे. म्हणून न शिकणारे मूल ते ढ, असे सांगतात. मला तर वाटते, दोन हजारांवर वर्षे ज्याने आपले रूप टिकवले त्याला मान द्यायला हवा होता. उलट ‘मुग्ध’ या शब्दाचे पाहा. संस्कृतात त्याचा एक अर्थ भोळा, अडाणी, मूढ असाही आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या काळी, हेमाद्रीच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने व्याकरण लिहिले, त्याचे नाव ‘मुग्धबोध’, म्हणजे न कळणाऱ्यांना कळावे म्हणून लिहिलेले. आज आपण लाडक्या लेकीचे नाव मुग्धा ठेवतो. शब्दांनाही बरे दिवस येतात.

आता माझे येणे.

१९७९ साली मी एका तालुक्याच्या गावी शाळेत इंग्रजी शिकवीत होते. नवी नोकरी, नवी पदवी, आणि डोक्यात जॉन्सन आणि पोप. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. मागच्या बाकावर, भिंतीकडेच्या टोकाला बसायची. स्वच्छ परकर-पोलके, चापून घातलेल्या वेण्या. प्रश्न विचारला की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मग भलतेच उत्तर द्यायची. मी ‘शिप’ विचारले की ती ‘चिप’ म्हणायची. वर्ग हसायचा, तीही हसायची. शुद्धलेखनाला बसवले तर अर्धे शब्द गाळायची. मात्र फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितले तर तिच्याइतके सुंदर अक्षर वर्गात कुणाचे नव्हते. हे मला दिसत होते. दिसून उमगले नाही.

सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याची एक लहानशी रकाना-ओळ असते. साठ मुलांचे शेरे लिहायचे होते, रात्रीचे दहा वाजले होते. मी तिच्या पुढे लिहिले, डल. एक शब्द. जागाही तेवढीच होती.

चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. शेतावर कामाला जाणारी बाई, डोक्यावरचा पदर सावरीत दाराशी उभी राहिली. प्रगतिपुस्तक पिशवीतून काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, “बाई, हितं काय लिवलंय? पोरगी सांगंना.”

मी म्हटले, “डल लिहिलंय.”

“डल म्हंजी काय, बाई?”

“म्हणजे मंद आहे ती जरा.”

ती थोडा वेळ पुस्तकाकडे बघत राहिली. मग तिने विचारले, “कशानं मंद? डोळ्यानं, का कानानं?”

आणि मी, एम.ए. झालेली, कोशाचा इतिहास पाठ असलेली, तिला म्हणाले, “डोक्यानं हो. अभ्यासात.”

ती आणखी काही बोलली नाही. “बरं” म्हणाली आणि गेली. मैत्रिणींनो, त्या बाईने मला तपासाचा बरोबर प्रश्न विचारला होता. बोट कुठे ठेवून वाजवायचे ते तिला कळत होते. ज्या भाषेची मी पदवी घेतली होती त्या भाषेतही तो प्रश्न होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात कान जड झालेल्यांसाठी ‘डल ऑफ हिअरिंग’ असे शब्द आहेत, आणि ते मी वाचलेले होते. डल हा शब्द कानालाही लागतो हे मला ठाऊक होते. मी तो डोक्याला लावला, कारण ते सोपे होते.

मुलगी आठवीत नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा राहिली. मग शाळेच्या पटावरून तिचे नाव गेले. माझीही बदली झाली.

अकरा-बारा वर्षांनी त्याच भागात एका लग्नाला गेले होते. बाजारात कुणीतरी मागून, “बाई!” अशी हाक मारली. तीच. कडेवर मूल, हातात ब्लाउजच्या अस्तराचे कापड. शिवणाचे काम करीत होती. मी दोन शब्द बोलले, तर ती एकदम हसली आणि म्हणाली, “तुमचा आवाज असा हाय होय, बाई! मला वाटायचं तुम्ही पुटपुटताय.” लहानपणापासून तिचा एक कान वाहत होता आणि दुसराही पुरता चालत नव्हता. लग्नानंतर नवऱ्याने मिरजेला नेले, तिथे पडद्याचे ऑपरेशन झाले. एक कान बराचसा परत आला. ती हे सगळे इतक्या सहज सांगत होती, की जणू शेजारणीची गोष्ट असावी. मला तिथेच तिची क्षमा मागता आली असती. मी विचारले, “मुलं कितवीत आहेत?” तिने थोरल्याची इयत्ता सांगितली, आणि म्हणाली, “त्येचं कान म्या आधीच दावून आणलंत.”

क्षमा मागायची ती राहूनच गेली. तिची आई तोवर वारली होती.

यानंतर मी वाचून, डॉक्टरांना विचारून जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण नातवंडे तुम्हा सगळ्यांना आहेत. कान फुटून वाहणे तुम्हाला ठाऊक आहे. ते दिसते तरी. पण लहान मुलांत पडद्यामागे चिकट द्रव साठून राहण्याचा एक विकार फार आढळतो, सर्दीपडशानंतर विशेष. तो दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. ऐकू मात्र कमी येते, आणि तेही एकसारखे नाही; आज बरे, उद्या कमी. त्यामुळे घरच्यांना वाटते, पोर मुद्दाम करते आहे. “हवं तेव्हा बरं ऐकू येतं!” असे आपणच म्हणतो ना? पुष्कळ वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरते. ज्यांचे ओसरत नाही त्यांना कानाच्या डॉक्टरांचे उपचार लागतात, आणि मधल्या काळात वर्गात पुढच्या बाकावर बसवले, समोर तोंड करून बोलले, तरी पुष्कळ होते. दूरचित्रवाणीचा आवाज सारखा वाढवणारे, मागून हाक मारली तर न वळणारे, प्रश्नाला “काय?” म्हणणारे, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावणारे मूल असेल, तर आधी कान तपासून घ्या. आणि कृपा करून वाहत्या कानात तेल घालू नका, कोमट करूनही नको. आकड्याने, काडीने कोरू नका. आमच्या पिढीने हे दोन्ही उद्योग पुष्कळ केले.

आज सोयी आहेत. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांच्या तपासणीत ऐकण्याचा दोषही पाहायचा असतो. मुंबईला वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. कानाला यंत्र लावून, कोणत्या सुराला किती ऐकू येते याचा आलेख काढण्याची तपासणी आता जिल्ह्याच्या गावीही होते. पण तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिलेले मूल निसटते, आणि सर्दीने आज कमी ऐकणारे मूल पुढच्या महिन्यात वेगळे असते. म्हणून यादी करून पाठपुरावा करणारे कुणीतरी लागते. बाई कितीही चांगल्या असल्या तरी साठ मुलांत त्यांना ते जमत नाही. मला जमले नव्हते.

आपल्या मंडळाकडे यंदा वर्धापनदिनाचा शिल्लक निधी आहे. दरवर्षी आपण त्यातून शाळांना पेले, दप्तरे देतो. कार्यकारिणीपुढे मी असे मांडले आहे, की यंदा आपल्या विभागातल्या दोन शाळांच्या पहिली-दुसरीच्या मुलांची कानाची तपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना पुढे नेण्याची गरज असेल त्यांच्या सोबत आपल्यापैकी एकीने जावे. डॉक्टरीणबाईंनी दोन शनिवार द्यायचे कबूल केले आहे. खजिनदारबाईंनी हिशेब केला, पैसे पुरतात. माणसे कमी पडतात. मुलांना रांगेत बसवणे, नावे लिहिणे, आयांना घरी जाऊन समजावून सांगणे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारणे, एवढेच काम आहे. त्यासाठी इंग्रजी लागत नाही. मला आता स्वतःलाच उजव्या कानाने कमी ऐकू येते, यंत्र लावले आहे, तेव्हा नावे सांगताना जरा डाव्या बाजूने या. चहा झाल्यावर मी दाराजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसते.